एकाचे ८४, दुसरीचे ६३: स्टॅट्सच्या हाऊस रूलचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये महिन्यातून दोन रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ खेळणारा हा गट. या खेळात प्रत्येक जण एक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, वठवतो आणि काय जमलं काय फसलं ते फासे ठरवतात. पाच खेळाडू आणि एक डीएम, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा आणि निवाडा करणारा डंजन मास्टर. नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या पुस्तकाप्रमाणे; इथे सांगितलेला हाऊस रूल, म्हणजे पुस्तकाबाहेरचा, टेबलाने स्वतः केलेला नियम, नंतर आला. डीएम तिशीतला, नोकरी करणारा. खेळाडूंपैकी तिघं कॉलेजातली, त्यामुळे तो सगळ्यांचाच 'दादा' झालेला. ओळख उघड होऊ नये म्हणून इथे प्रत्येकाचा उल्लेख त्याच्या कॅरेक्टरच्या क्लासने, म्हणजे लढवय्या, जादूगार अशा पेशाने, केला आहे: फायटर, रेंजर, विझर्ड, क्लेरिक आणि बार्ड. मोहीम डीएमने स्वतः रचलेली होती. घाटमाथ्यावर किल्ले, खाली खाड्यांचा किनारा आणि मध्ये दाट जंगल.

पहिल्या बैठकीत पाचही जणांनी सगळ्यांच्या देखत फासे टाकले. पद्धत पुस्तकातलीच. सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सर्वांत लहान आकडा सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची. असं सहा वेळा करायचं आणि आलेले आकडे स्ट्रेंथ (ताकद), डेक्सटेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणा), इंटेलिजन्स (बुद्धी), विज्डम (जाण) आणि करिश्मा (छाप) यांपैकी हव्या त्या गुणाला लावायचे. हेच स्टॅट्स. निघालेले आकडे असे होते (मॉडिफायर म्हणजे खेळात काही करून बघताना वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा):

फायटर: १७, १६, १५, १३, १२, ११. बेरीज ८४, मॉडिफायर मिळून +१०.
विझर्ड: १६, १४, १२, १२, १०, ९. बेरीज ७३, मॉडिफायर मिळून +६.
क्लेरिक: १५, १४, १३, ११, १०, ८. बेरीज ७१, मॉडिफायर मिळून +४.
बार्ड: १५, १३, १३, १२, ११, ९. बेरीज ७३, मॉडिफायर मिळून +४.
रेंजर: १४, १२, ११, १०, ९, ७. बेरीज ६३, मॉडिफायर मिळून ०.

मॉडिफायर काढायची रीत खेळणाऱ्यांना ठाऊक आहेच, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे म्हणून एकदा सांगतो. आकड्यातून १० वजा करा, निम्मे करा, अर्धा उरला तर खाली सोडून द्या. १४चा +२ आणि १५चाही +२. ९चा −१ आणि ८चाही −१.

या पद्धतीत एका आकड्याची सरासरी १२.२४ पडते, म्हणजे सहांची मिळून साधारण साडेत्र्याहत्तर. मधले तिघं त्याच्या आसपास आहेत. ६३ किंवा त्याहून कमी बेरीज साधारण तेरा जणांत एकाची होते, आणि ८४ किंवा त्याहून जास्तही साधारण तेवढ्याच जणांची. पाच जणांच्या टेबलावर ही दोन्ही टोकं एकदम येण्याची शक्यता दहांत एकच्या जवळपास जाते. म्हणजे हे काही विरळा संकट नाही. बऱ्याच मोहिमा चालवणाऱ्या डीएमने कधीतरी हे होणार असं धरूनच चालावं.

फाशांची ही परंपरा ज्या काळातली आहे त्या काळात आकड्यांना आजच्याएवढं वजन नव्हतं. १९७४च्या पहिल्या नियमांत तीन फासे टाकून आलेले आकडे त्याच क्रमाने लिहायचे असत, पण जास्त स्ट्रेंथमुळे वार लागण्याची शक्यता वाढत नसे. क्लासच्या मुख्य गुणाचा आकडा चांगला असेल तर अनुभवाचे गुण जरा जास्त मिळत, आणि बाकी काही गुणांचे छोटे फायदे असत. चार फाशांतला लहान वगळण्याची पद्धत १९७९च्या डीएमसाठीच्या पुस्तकात आली. मग २००० साली तिसऱ्या आवृत्तीने सगळ्या गुणांना एकच मॉडिफायरचा तक्ता लावला आणि प्रत्येक आकडा प्रत्येक फाशात दिसू लागला. त्या आवृत्तीच्या लेखकांना धोका कळला होता. मॉडिफायरची बेरीज ० किंवा कमी असेल, किंवा सर्वांत मोठा आकडा १३च्या वर जात नसेल, तर सगळे फासे पुन्हा टाकायची मुभा त्यांनी पुस्तकातच दिली होती. २०१४च्या पुस्तकात ही मुभा नाही. ती असती तर रेंजरचा कागद पहिल्याच दिवशी बाद ठरला असता.

अडचण

पहिल्या दोन पातळ्या, म्हणजे अनुभवाने कॅरेक्टर वर चढतं त्या पायऱ्या, निभावल्या. तिसऱ्या पातळीला गट किनाऱ्यावर उतरला आणि खेळ अडखळायला लागला.

रेंजर वुड एल्फ वंशाची होती, त्यामुळे वंशाचा बोनस म्हणून डेक्सटेरिटीला २ आणि विज्डमला १ मिळून तिचे आकडे डेक्सटेरिटी १६, विज्डम १३, कॉन्स्टिट्यूशन ११, स्ट्रेंथ १०, इंटेलिजन्स ९ आणि करिश्मा ७ असे झाले होते. फायटर माणूस, त्याला सगळीकडे एकेक. स्ट्रेंथ १८, कॉन्स्टिट्यूशन १७, डेक्सटेरिटी १६, विज्डम १४, करिश्मा १३, इंटेलिजन्स १२. तिचा सर्वांत चांगला आकडा आणि त्याचा तिसऱ्या क्रमांकाचा आकडा एकच. त्यात फायटरच्या यादीत सर्व्हायव्हल (माग काढणं, रानात तगणं) आणि पर्सेप्शन (नजर आणि कान) ही दोन्ही कौशल्यं असतात आणि त्याने नेमकी तीच घेतली होती.

रेंजरने आवडता प्रदेश म्हणून जंगल निवडलं होतं. खाडीच्या चिखलात त्याचा उपयोग नव्हता. तस्करांचा माग काढायची वेळ आली तेव्हा डीएमने सर्व्हायव्हलवर १५ मागितले. रेंजरला विज्डमचा +१ आणि प्रावीण्याचा, म्हणजे शिकलेल्या कौशल्याचा, +२, मिळून +३. फायटरला +४. तिला फाशावर १२ हवे होते, त्याला ११. ४५ टक्के आणि ५० टक्के. दोघांनीही टाकले, त्याला माग दिसला, तिला नाही.

पाच टक्क्यांचा फरक एका फाशात कुणाच्या लक्षात येत नाही. पण पुढच्या वळणावर क्लेरिक सहज म्हणाला, "फायटर, तूच बघ रे परत." आणि तो पायंडाच पडला. माग काढणं हे रेंजरचं पहिलं काम, आणि ते काम टेबलाने विचारही न करता दुसऱ्याकडे दिलं. गावात उतरलं की करिश्मा ७, उणे दोन, म्हणून ती बोलत नव्हती. कुणी कोडं घातलं तर इंटेलिजन्स ९. तिच्या पाळ्या छोट्या होत गेल्या आणि मग हातात मोबाईल दिसायला लागला. पाणी डोक्यावरून जातंय हे डीएमला उमगलं ते एका बैठकीत खेळ संपल्यावर तिने सहज विचारलं तेव्हा: "दादा, ही मेली तर मी नवीन काढते, चालेल ना?"

त्याआधीच्या दोन लढायांत ती कारण नसताना पुढे घुसली होती. त्याचा अर्थ आता लागला. वाईट आकड्यांतून सुटायचा नियमात असलेला एकमेव रस्ता म्हणजे कॅरेक्टर मारून टाकणं, आणि ती तोच शोधत होती.

पहिला उपाय, आणि तो का लागू पडला नाही

डीएमने आधी जादूची वस्तू दिली. एका पडक्या गढीत रेंजरला ब्रेसर्स ऑफ आर्चरी सापडतील अशी सोय केली. धनुष्याच्या प्रत्येक नेमाला २ जादा इजा.

इथे निदान चुकलं होतं. नेमबाजी ही तिची अडचणच नव्हती. दुसऱ्या पातळीला घेतलेल्या आर्चरी शैलीचा +२ धरून तिचा नेम +७ होता. गॉब्लिनच्या १५ एसीवर (एसी म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा) फाशाचे ८ पुरे, म्हणजे ६५ टक्के. फायटरची तलवार +६, म्हणजे ६० टक्के. बाण मारण्यात ती त्याच्या पुढेच होती. कमी पडत होतं ते बाकी सगळीकडे. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, २२, फायटरचे ३१. मंत्रांचा सेव्ह डीसी, म्हणजे मंत्रातून सुटायला समोरच्याने गाठायचा आकडा, ८ अधिक २ अधिक १, म्हणजे जेमतेम ११. वेलींत जखडणाऱ्या एन्स्नेअरिंग स्ट्राइक या मंत्रात अडकलेला गॉब्लिनसारखा किरकोळ प्राणीही पहिल्याच झटक्यात ४५ टक्के वेळा सुटून जायचा.

वस्तूने आणखी एक गोष्ट बिघडवली. बार्डने विचारलं की या महिन्यात सगळा खजिना एकाच दिशेला का चाललाय. प्रश्न रास्त होता. आकड्यांतला खड्डा वस्तूंनी भरायला गेलं की बक्षीस आणि भरपाई एकमेकांत मिसळतात, आणि मग खरोखर कमावलेली वस्तूही भरपाईसारखीच वाटू लागते.

पर्याय

गणपतीच्या दहा दिवसांत पेठेतले रस्ते बंद असतात, त्यामुळे बैठक नव्हती. ती सुट्टी डीएमने नियमाचा विचार करण्यात घालवली आणि अनंत चतुर्दशीनंतर सगळ्यांना एकत्र बसवून पर्याय मांडले.

चौथ्या पातळीपर्यंत थांबणं हा पहिला. तेव्हा प्रत्येकाला आकड्यांत २ वाढवता येतात. पण प्रत्येकाला म्हणजे फायटरलाही. दरी तशीच राहते.

फक्त रेंजरने पुन्हा फासे टाकणं हा दुसरा. दिसायला सोपा, पण कधी थांबायचं हे ठरवलेलं नसेल तर घातक. पुन्हा ६५ आले तर? तिसऱ्यांदा? आणि ७१वाल्या क्लेरिकने काय पाप केलं? "चांगले येईपर्यंत टाका" असा नियम करायचाच असेल तर फासे कशाला, सरळ आकडे वाटून द्यावेत.

तिसरा पर्याय सगळ्यांनी पॉइंट बायवर, म्हणजे ठरावीक गुण खर्चून आकडे विकत घेण्यावर, जाण्याचा. प्रत्येकाला २७ गुण, ८ फुकट, १३पर्यंत पायरीला एक गुण, १४ला ७ आणि १५ला ९ गुण, आणि त्याच्या पुढे विकतच मिळत नाही. नवी मोहीम सुरू करताना हा उत्तम मार्ग आहे. चालू मोहिमेत मात्र फायटरचे १७ आणि १६ काढून घ्यावे लागले असते. तो म्हणाला, "सगळ्यांसमोर टाकलेत मी. मी कुणाचं हिसकावलं नाही, मग माझं का काढायचं?" त्यात तथ्य होतं. ज्या आकड्यांवर तीन पातळ्यांचे निर्णय घेतले गेले, कौशल्यं आणि चिलखत निवडलं गेलं, ते मागे घेतले की गेलेल्या बैठकाही खोट्या ठरतात.

फायटरचेच आकडे सगळ्यांना द्यायचे, हा चौथा पर्याय विझर्डने सुचवला. काही टेबलांवर असं करतात: सगळे टाकतात, आणि आलेल्या संचांपैकी हवा तो कुणीही घ्यायचा. दरी शून्य. पण पाचही जण +१०च्या घरात गेले की पुस्तकातल्या राक्षसांचं माप बिघडतं. जवळपास प्रत्येक फाशाला एखादा जादा मॉडिफायर म्हणजे दर वेळी पाच टक्के, आणि सेव्ह, हिट पॉइंट, एसी सगळीकडे. डीएमला प्रत्येक लढाई नव्याने मोजावी लागली असती. त्याने नकार दिला, आणि घरी तयारीला मिळणारा त्याचा वेळ पाहता ते बरोबरच होतं.

पाचवा पर्याय किमान पातळीचा. कुणाचं काही कमी करायचं नाही, पण ठरलेल्या रेषेखाली कुणी राहायचं नाही.

निर्णय

पाचवा घेतला. रेषा ७२वर आखली. पुस्तकातल्या ठरीव आकड्यांची, म्हणजे १५, १४, १३, १२, १०, ८ यांची बेरीज ७२ होते, आणि पॉइंट बायने ते घेतले तर बरोबर २७ गुण लागतात. ज्या मापावर खेळाची बाकी गणितं बेतलेली आहेत तेच माप घेतल्यामुळे वाद राहिला नाही.

सोबत तीन अटी घातल्या. वाढवायचे गुण वंशाचे बोनस मिळण्याआधीच्या मूळ आकड्यांत घालायचे. एका आकड्यात ३पेक्षा जास्त घालायचे नाहीत. वाढवलेला आकडा १५च्या वर जाऊ द्यायचा नाही. दुसरी अट नसती तर रेंजरने सगळे गुण दोन आकड्यांत ओतले असते आणि करिश्मा ७ तसाच राहिला असता. मुख्य रोग तर तोच होता.

अंमलबजावणी

रेंजरला ९ गुण मिळाले. तिने विज्डममध्ये ३, कॉन्स्टिट्यूशनमध्ये ३ आणि डेक्सटेरिटी, इंटेलिजन्स, करिश्मा यांत एकेक घातला. मूळ आकडे डेक्सटेरिटी १५, विज्डम १५, कॉन्स्टिट्यूशन १४, स्ट्रेंथ १०, इंटेलिजन्स १०, करिश्मा ८ असे झाले. वंशाचे बोनस धरून डेक्सटेरिटी १७ आणि विज्डम १६. नेम +७ होता तो +७च राहिला. सर्व्हायव्हल मात्र +५ झालं, सेव्ह डीसी १३, आणि कॉन्स्टिट्यूशनचा +२ मागच्या पातळ्यांनाही लागू होत असल्याने हिट पॉइंट २२चे २८. नऊ गुणांपैकी एकही बाणाच्या कामी आला नाही. दुखणं कुठे होतं ते तिला डीएमपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तो संच पॉइंट बायने घ्यायचा म्हटला तर २९ गुण लागतात, २७ नाही. बेरीज सारखी असली तरी १५ महाग असतो, आणि नुसती बेरीज मोजणाऱ्या नियमाला ते दिसत नाही. दोन गुणांचा फरक गटाने चालवून घेतला.

क्लेरिकचं प्रकरण सोपं होतं. ७१, म्हणजे एक गुण. त्याने १३चा १४ केला. मॉडिफायर +४चे +५ झाले.

आणि इथेच नियमातली खरी खोट दिसली. बार्डने कागदावर मांडून दाखवलं: "माझी बेरीज ७३. याची ७१ होती. आता याचे मॉडिफायर पाच आणि माझे चारच. खालचा माझ्या वर गेला." हिशेब बरोबर होता. तिच्या सहापैकी पाच आकडे विषम होते. विषम आकड्याचा शेवटचा गुण खेळात फारसा कुठे उमटत नाही, तो बहुतेक पुढच्या वाढीची वाट बघत बसतो. रेषा बेरजेवर आखली, पण खेळ मॉडिफायरवर चालतो.

मग चौथी अट आली: मॉडिफायरची बेरीज +५पेक्षा कमी असेल तर एका आकड्यातला एक गुण काढून दुसऱ्यात घालता येईल, बेरीज न बदलता. बार्डने ९चा ८ केला आणि १३चा १४. ९चा −१ आणि ८चाही −१, म्हणजे तिथे काहीच गेलं नाही. वर मात्र एक मॉडिफायर मिळाला. एक गुण सरकवून ती +५वर आली.

याच चर्चेत फायटरने आपण होऊन सर्व्हायव्हल सोडलं आणि त्याजागी अ‍ॅथलेटिक्स घेतलं. नियमाने त्याला तसं सांगितलेलं नव्हतं. पण माग काढायचं काम रेंजरकडे परत जाण्यात या एका बदलाचा वाटा नऊ गुणांइतकाच होता.

पुढच्या मोहिमेसाठी: फाशांऐवजी पत्ते

किमान रेषा ही चालू मोहिमेची दुरुस्ती होती. पुढच्या मोहिमेसाठी गटाला दोन गोष्टी हव्या होत्या. नशिबाचा भाग राहायला हवा, आणि कुणी ६३वर पडायला नको. त्यासाठी साध्या पत्त्यांच्या कॅटातून १८ पत्ते काढले: ४ छक्क्या, ३ पंज्या, ४ चौक्या, ४ तिर्र्या, २ दुर्र्या आणि १ एक्का. एक्क्याचा १ धरायचा. बेरीज ७२.

पत्ते पिसून तीन-तीनचे सहा ढीग उपडे वाटायचे, मग सगळे एकदम उघडायचे. प्रत्येक ढिगाची बेरीज हा एक आकडा, आणि तो हव्या त्या गुणाला लावायचा. सगळे पत्ते दर वेळी वापरले जात असल्याने प्रत्येकाची बेरीज ७२च येते. वाईट ढीग आला तर त्याची भरपाई दुसऱ्या ढिगात आपोआप होते, कारण लहान पत्ते तिथे अडकले म्हणजे मोठे कुठेतरी उरलेच. तीन छक्क्या एकाच ढिगात येऊन १८ मिळण्याची शक्यता एका वाटपात ३ टक्क्यांच्या किंचित खाली आहे. चार फाशांच्या पद्धतीत सहा आकड्यांत निदान एक १८ येण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या वर असते. सर्वांत लहान आकडा ५ येऊ शकतो: एक्का आणि दोन्ही दुर्र्या. ७ किंवा कमीचा ढीग साधारण पाच वाटपांत एकदा दिसतो, त्यामुळे कमकुवत बाजू असलेली कॅरेक्टरं अजूनही निघतात.

बार्डने दाखवलेली खोट इथेही होतीच. बेरीज ७२ सम असल्याने विषम ढिगांची संख्या ०, २, ४ किंवा ६ अशी समच येते, आणि मॉडिफायरची बेरीज ६ वजा त्याच्या निम्मे. म्हणजे ६, ५, ४ किंवा ३. म्हणून उघडल्यावर दोन वेळा, कुठल्याही दोन ढिगांतला एकेक पत्ता अदलाबदल करायची मुभा ठेवली. एक सम पत्ता आणि एक विषम पत्ता बदलला की दोन विषम ढीग सम होतात आणि बरोबर एक मॉडिफायर वाढतो. दोन अदलाबदलींत ३चे ५ होतात. अट एकच: अदलाबदलीने वाढलेला ढीग १५च्या वर जाता कामा नये. ही नसेल तर १७च्या ढिगातली पंजी देऊन छक्की घेणं हाच सगळ्यांचा पहिला डाव होतो.

पहिल्याच बैठकीत विझर्ड खेळणाऱ्याला नेमका वाईटात वाईट प्रकार आला. सहाही ढीग विषम: १७, १३, १३, ११, ९, ९. मॉडिफायर मिळून जेमतेम +३. त्याने छक्की-चौकी-तिर्रीच्या १३मधली तिर्री दिली आणि चौकी-तिर्री-दुर्रीच्या ९मधली चौकी घेतली: १४ आणि ८. मग पंजी-चौकी-चौकीच्या १३मधली चौकी देऊन पंजी-तिर्री-एक्क्याच्या ९मधली पंजी घेतली: पुन्हा १४ आणि ८. शेवटी १७, १४, १४, ११, ८, ८. मॉडिफायर +५. एक गुण जबर, दोन अगदी कच्चे. फाशांवर काढलेल्या कॅरेक्टरसारखा चेहरा आणि पॉइंट बायसारखा हिशेब.

व्यवहारात दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं. १८ पत्ते थोडे असतात, नीट पिसले नाहीत तर मागच्या वाटपातले ढीग तसेच्या तसे राहतात. दोन वाटपांच्या मध्ये ते टेबलावर पसरून कालवावेत, मग पिसावेत. आणि वाटण्याआधी पत्ते मोजावेत. एक छक्की कॅटात राहून तिच्याजागी सत्ती आली की कुणाच्या लक्षातही येत नाही. शूर, दणकट मोहीम हवी असेल तर एक्का काढून चौथी पंजी घालावी, बेरीज ७६ होते. खडतर हवी असेल तर एक छक्की काढून तिसरी दुर्री, बेरीज ६८.

परिणाम

चालू मोहीम किमान रेषेसह शेवटपर्यंत गेली. राक्षसांचं माप बदलावं लागलं नाही, कारण गटात मिळून वाढ झाली ती तीन जणांतच, आणि त्यातली दोघांची एकेका मॉडिफायरची. रेंजर मरायला पुढे घुसायची थांबली. खाडीतल्या पुढच्या मागावर तिला +५ने १० पुरले, ५५ टक्के, आणि आता विचारणा तिच्याकडेच होत होती. एन्स्नेअरिंग स्ट्राइकमधून गॉब्लिन सुटायचं प्रमाण ४५वरून ३५ टक्क्यांवर आलं. ब्रेसर्स तिने स्वतःहून गटाच्या सामानात टाकले. ते कुणी घेतले नाहीत, पण खजिन्याबद्दलची कुरकुर संपली.

फायटर ८४वरच राहिला. तो अजूनही सगळ्यांत बळकट होता, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. बळकट असणं हेच फायटरचं काम. गट अडला होता तो त्याच्या चौथ्या आकड्यापाशी, विज्डमपाशी.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत शेवटी, तोही अपघाताने झाला. कौशल्यांची टक्कर आकड्यांच्या आधी तपासायला हवी होती. पहिल्या बैठकीत पाचही कागद शेजारी ठेवून प्रत्येकाने एक काम आपलं म्हणून सांगावं, आणि त्या कामात दुसऱ्या कुणाचा मॉडिफायर वर जात असेल तर तेवढं कौशल्य त्याने बदलावं. हे दहा मिनिटांत होतं. ते झालं असतं तर ६३वाली रेंजरही कदाचित चौथ्या पातळीपर्यंत आनंदाने खेळली असती.

रेषा सुरुवातीपासून मॉडिफायरवर आखली असती तर बार्डची हरकत आलीच नसती. मोजताना वंशाचे बोनस मात्र बाहेर ठेवावेत. माणसाला सगळीकडे एक मिळतो, त्यामुळे विषम आकडे भरपूर असणारा प्रत्येक जण माणूसच निवडेल. फायटरच्या मूळ +१०चे बोनसनंतर +१४ झाले ते त्यामुळेच. २०२४च्या पुस्तकात हे बोनस वंशाऐवजी पार्श्वभूमीतून मिळतात, तीन ठरलेल्या गुणांपैकी एकाला २ आणि एकाला १, किंवा तिघांना एकेक. पत्त्यांचा नियम बोनसच्या आधी संपत असल्याने त्याला धक्का लागत नाही.

ब्रेसर्स देण्याआधी डीएमने तीन लढायांचे फासे लिहून ठेवले असते, तर नेमात खोट नाही हे तेव्हाच दिसलं असतं. तक्रार ऐकल्यावर त्याने हाताशी होता तो उपाय लावला.

मध्येच येणाऱ्या खेळाडूचा प्रश्न गटाने अजून सोडवलेला नाही. तोही त्याच १८ पत्त्यांतून वाटून घेणार, इतकं ठरलं आहे. पण कॅरेक्टर मेल्यावर त्याच खेळाडूने पुन्हा वाटून घ्यायचं की जुनेच सहा आकडे नव्या गुणांना लावायचे, यावर दोन मतं आहेत. डीएमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. पुन्हा वाटप मिळणार असेल तर मरण हा पुन्हा एकदा सुटकेचा रस्ता होतो. आकडे तेच राहिले तर तो रस्ता बंद होतो, आणि नवीन कॅरेक्टर काढायचं कारण फक्त नवीन कॅरेक्टर खेळावंसं वाटणं एवढंच उरतं.